गडग्याखालची चाकोरी : एका दिवाणी वकिलाची एक केस

नोव्हेंबर २०२२. राजापूर आणि देवगडच्या हद्दीजवळचं एक गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण गाव लहान आहे आणि नुसतं "गडगा" म्हटलं तरी कोणाचा ते तिकडची पोरंही सांगतील. सकाळी साडेनऊला, आम्ही कोर्टात निघायच्या गडबडीत असताना, साठीला टेकलेले एक काका ऑफिसात आले, हातात कापडी पिशवी, पिशवीत सातबारा, आणि बसायच्या आधीच म्हणाले, "वकीलानू, माका माजी वाट व्हयी, दुसरा काय नको."

झालं असं होतं की त्यांच्या चुलतभावाने स्वतःच्या खळ्याच्या कडेने चार दिवस गवंडी लावून चिऱ्याचा कंबरभर गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातलं आणि काकांच्या घराकडे नि हापूसच्या बागेकडे उतरणारी गाडीवाट बंद केली. काका आणि बाकीचे घरचे लोक तेव्हा मुंबईत लग्नाला, परत आले तेव्हा काम पूर्ण. आता ज्याला कोकणातली बाग माहीत आहे त्याला नोव्हेंबर म्हणजे काय हे सांगायला नको, मोहर फुटायची वेळ, फवारणीचा पंप, पाण्याची टाकी, औषधं सगळं खाली न्यायचं असतं आणि मार्चपासून भरलेल्या पेट्या वर आणायच्या असतात. पिकअप खाली गेला नाही तर प्रत्येक पेटी डोक्यावरून, आणि तेवढे गडी आता गावात मिळतात कुठे.

मी तेव्हा वकिलीची सनद घेऊन जेमतेम दीड वर्ष झालेली ज्युनिअर. ही केस मी पहिल्या दिवसापासून फेरफार, म्हणजे जमिनीच्या कागदावरच्या नोंदीतला बदल, मंजूर होईपर्यंत बघितली, म्हणून ती सविस्तर लिहून ठेवतेय. काका आणि माझे सीनियर वकील, म्हणजे सर, दोघांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल अशा गोष्टी गाळल्यात.

सरांबद्दल आधी थोडं सांगते, कारण त्यांचा स्वभाव बाजूला ठेवून ही केस सांगताच येणार नाही. तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षांवर प्रॅक्टिस, सगळी दिवाणी. वाटप, मनाई, कब्जा, हद्द, कुळाच्या भानगडी. फौजदारी घेत नाहीत. आवाज इतका हळू की मागच्या बाकावर बसलेल्या पक्षकाराला वाटतं आपला वकील काही बोलतच नाहीये. पहिले काही महिने मलाही तेच वाटायचं आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटायचं, कारण वकील म्हणजे उभा राहिला की कोर्ट हललं पाहिजे अशी माझ्या डोक्यात कल्पना. दिवाणी काम कागदावर चालतं आणि कागद टेबलावर वाचावा लागतो, रोज, कंटाळा न करता, हे मला या ऑफिसात बसून समजलं.

त्यांची एक सवय आहे. पक्षकाराला हकिगत तीनदा सांगायला लावतात. पहिल्यांदा तो बोलेल तसं, मधे एक शब्द न बोलता. दुसऱ्यांदा तारखांसकट, तेव्हा मी लिहून घेते. आणि तिसऱ्यांदा म्हणतात, "आता हेच तुमचे चुलतभाऊ या खुर्चीत बसून सांगत असते तर कसं सांगितलं असतं, तसं सांगा." लोक चिडतात याच्यावर. आपण वकील आपल्या बाजूने केला आणि हा त्याची बाजू विचारतोय! काकाही चिडले. मग थोडा वेळ गप्प बसले आणि पायाकडे बघत म्हणाले की तो म्हणेल की ह्यांनी मुंबईच्या पार्टीला बाग दाखवली. कोण पार्टी? एक एजंट दोनदा येऊन गेलेला, रिसॉर्टसाठी जागा बघत. काकांच्या मुलाने आणला होता. विकायचं ठरलं नव्हतं, पण गाडी आली होती, माणसं उतरली होती, मोबाईलवर फोटो काढले होते आणि हे सगळं चुलतभावाच्या खळ्यातून त्याच्या डोळ्यासमोर.

पहिल्या दोन वेळच्या सांगण्यात यातलं काहीच नव्हतं. सरांनी वहीत एकच ओळ लिहिली आणि मला म्हणाले, "भांडण वाटेचं नाही, वाट रुंद होईल त्याचं आहे. हे लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं, पण त्याचं पुढे काय करायचं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

फीचं बोलणं निघालं तेव्हा काका म्हणाले की आत्ता हात आखडता आहे, जिंकलो की बागेतली चार कलमं तुमच्या नावाने, दरवर्षीचा आंबा तुमचा. सरांनी हात जोडले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात स्पष्ट आहे, निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि दाव्यातून मिळणाऱ्या गोष्टीत वाटाही घ्यायचा नाही. अमेरिकेत वकील जिंकलेल्या रकमेतला हिस्सा घेतात हे आपण पिक्चरमध्ये बघतो, इथे ते चालत नाही. हप्ते ठरले. गावाकडच्या दिवाणी वकिलीत पैसा असाच येतो, थोडा थोडा आणि उशिरा, आणि ज्युनिअरकडे तर त्याहून थोडा. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना ग्रामीण भागात महिना १५,००० आणि शहरात २०,००० तरी द्यावेत अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे आणि तालुक्याला बहुतेकांचं स्वतःचंच तेवढं सुटत नाही. या करिअरमध्ये यायचं ठरवणाऱ्या मुलामुलींना हे कोणीतरी आधी सांगायला हवं म्हणून मधेच लिहिलं.

दाव्याचा पहिला ड्राफ्ट मी केला. ऑफिसात जुन्या वाटेच्या दाव्यांच्या फाईली होत्या, त्यातला परिच्छेद उचलला आणि नावं बदलली : "सदर वाट वादी व वादीचे पूर्वज पूर्वापार, गेली १०० वर्षांहून अधिक काळ, विनाहरकत व विनाअडथळा वापरत आले आहेत." मला वाटलं मस्त झालंय. सरांनी "पूर्वापार" भोवती लाल गोल काढला आणि विचारलं, "१०० वर्षांपूर्वी ही जमीन कोणाची होती?"

मी म्हटलं, त्यांच्याच घराण्याची.

"दोन्ही हिस्से?"

हो, दोन्ही. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जमीन एकत्र असताना माणूस स्वतःच्याच जमिनीतून चालतो, त्याला वहिवाटीचा हक्क म्हणत नाहीत. आपल्याच अंगणातून जायला आपल्याला हक्क कशाला लागतो? १८८२ च्या ईझमेंट कायद्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरायच्या हक्काच्या कायद्याच्या, कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून, खंड न पडता वापर लागतो, आणि ती वीस वर्षं दावा लावायच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत येऊन संपलेली असावी लागतात. पण ही मोजणी सुरू होते जमिनी वेगळ्या झाल्यापासून. म्हणजे वाटप कधी झालं ती तारीख हवी. माझ्या ड्राफ्टमध्ये ती तारीखच नव्हती. १०० वर्षं लिहून मी उलट समोरच्या वकिलाच्या हातात कोलीत दिलं असतं.

तेव्हा सरांनी महाडची केस सांगितली. चवदार तळ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्यावर दिवाणी दावा झाला होता हे मला वकील होऊनही नीट ठाऊक नव्हतं. महाडच्या काही लोकांनी बाबासाहेब आंबेडकर आणि सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला, १४ डिसेंबर १९२७ ला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, आणि त्याच महिन्याअखेर हजारो लोक तळ्यावर जायला जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला. अंतिम निकाल मुंबई हायकोर्टातून लागला १७ मार्च १९३७ ला, म्हणजे नऊ वर्षांच्या वर. आणि दावा लावणारे हरले ते कशावर, तर अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न द्यायची अनादि काळापासूनची रूढी आहे असं त्यांचं म्हणणं होतं आणि ती रूढी त्यांना शाबीत करता आली नाही. सर म्हणाले, "अनादि, पूर्वापार, वंशपरंपरागत, हे शब्द लिहायला सोपे असतात. लिहिलेस की ते तुलाच शाबीत करावे लागतात." माझ्यासारखीला त्या निकालातली माणुसकीची बाजू आधी दिसते आणि ती दिसायलाच हवी, पण ती लढाई कोर्टात पुराव्यावर उभी होती हेही तेवढंच खरं आहे, आणि तेव्हापासून माझं त्या केसकडे बघणंच बदललं.

तर मग वाटपाची तारीख. काकांना एवढंच माहीत की त्यांचे वडील आणि चुलते वेगळे झाले "माझ्या लग्नाच्या आधी". कागद? कागद त्या चुलत्यांकडे असायचे. म्हणजे आता चुलतभावाकडे.

सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, गोलात लिहिलेले, लोक त्यांच्याकडे बघतही नाहीत. त्यातला सगळ्यात जुना क्रमांक घेऊन सरांनी मला तहसीलला पाठवलं. गाव नमुना सहाची, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीची, नक्कल मिळायला अकरा दिवस लागले, हाताने लिहिलेली नोंद, शाई फिकी, पण वाचता आली : १९७९ साली दोघा भावांमध्ये रजिस्टर दस्ताने वाटप, आणि पुढे दस्ताचा नंबर. त्या नंबरावरून दुय्यम निबंधकाकडे अर्ज, तिथून वाटपपत्राची सही-शिक्क्याची नक्कल. सहा पानं. पाचव्या पानावर, विहिरीच्या पाण्याच्या पाळीनंतर, हे वाक्य : "वरील घराकडून खालील हिस्स्याकडे जाणारी गाडीवाट आहे तशी कायम ठेवणेची असून तीस कोणीही अडथळा करणेचा नाही."

मी ते वाक्य ऑफिसात मोठ्याने वाचलं. सर खूश झाले असतील, पण चेहऱ्यावर काही नाही, फक्त म्हणाले परत वाच. इतक्या वर्षांत ते वाक्य कोणी उघडून बघितलं नव्हतं, आणि ते बघेपर्यंत काकांचा दावा निव्वळ आठवणींवर उभा होता.

आता हे इतकं महत्त्वाचं का ते सांगते. वाटेचा हक्क वेगवेगळ्या रस्त्याने मिळतो. एक गरजेचा, म्हणजे वाटपानंतर माझ्या हिस्स्याला दुसरीकडून रस्ताच नाही, तर कलम १३ प्रमाणे तुझ्यातून मिळतो. पण गरज संपली की तो हक्कही संपतो, कलम ४१. एक वापराचा, तो वर सांगितला. आणि एक लिहून दिलेला, ज्याला ग्रँट म्हणतात, तो गरजेवर अवलंबून नसतो. सुप्रीम कोर्टाने हीरो विनोथ विरुद्ध शेषम्मल या २००६ च्या निकालात हा फरक स्पष्ट केलाय, दुसरी वाट उपलब्ध झाली म्हणून लिहून दिलेली वाट संपत नाही. ही दुसरी वाटच आम्हाला थोड्या दिवसांनी भेटणार होती.

दावा दाखल करायच्या आधी सर जागेवर जातातच. मी तेव्हा विचारायचे की मोबाईलवर फोटो आहेत, गूगल मॅप आहे, कशाला दिवस घालवायचा. आम्ही डिसेंबरच्या एका रविवारी गेलो. सर चपला काढून कातळावर बसले, गडग्याच्या बरोबर खाली, आणि हाताने धूळ नि सुकलेलं गवत बाजूला करायला लागले. काका म्हणाले अहो कपडे खराब होतील. कातळात दोन खोल खाचा होत्या, समांतर, बैलगाडीच्या लोखंडी धावांनी वर्षानुवर्षं घासून पाडलेल्या. चाकोरी. ती चुलतभावाच्या खळ्याकडून येत होती, गडग्याखाली जात होती आणि पलीकडे परत निघून काकांच्या बागेकडे उतरत होती. गवंड्याने चिरे सरळ त्याच्यावर रचले होते. मी त्या गडग्याचे तोपर्यंत वीसएक फोटो बघितले होते, एकातही ती दिसली नव्हती.

मग सर बागेत उतरले, कलमं बघत, राखण्याशी गप्पा मारत. राखण्या नेपाळचा, सहा वर्षं तिथेच. पाणी कुठून आणतोस, मोहोराच्या दिवसात रात्री जागतोस का, असं काहीबाही. आणि मग सहज, "बाजाराला कुठून जातोस?" त्याने वर सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळाच्या पठाराकडे, बोट दाखवलं. सड्यावरून आता डांबरी रस्ता गेलाय, तिथून बागेच्या वरच्या टोकाला एक पायवाट उतरते.

परत येताना गाडीत काका गप्प. सरांनी विचारलं, ही वाट तुम्ही सांगितली नाहीत. काकांचं म्हणणं, ती कसली वाट, कडा आहे तो, गुरं घसरतात, त्याचं नाव घेतलं तर कोर्ट म्हणेल जा तिथून. सर म्हणाले ती दाव्यात लिहायची. आपणच लिहायची.

इथे मोठं भांडण झालं. ऑफिसात आल्यावर काकांचा मुलगा फोनवर, स्पीकर चालू, तो म्हणाला आमचा वकील आमच्या विरुद्ध पुरावा देतोय का, आम्ही दुसरा वकील बघतो, एनओसी, म्हणजे वकील बदलायला हरकत नाही असं पत्र, द्या. सरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले एनओसी आत्ता लिहून देतो, फाईल घेऊन जा, फीसुद्धा परत देतो, पण माझी सही असलेल्या दाव्यात ही वाट लपवली जाणार नाही. मनाई हुकूम हा कोर्टाच्या विवेकाने मिळणारा दिलासा आहे, मागणाऱ्याने महत्त्वाची गोष्ट दडवली एवढ्या एका कारणावर तो नाकारला जातो किंवा दिलेला काढून घेतला जातो, आणि मग १९७९ चं वाटपपत्र असूनही हात हलवत घरी यावं लागतं. मी आतल्या खोलीत उभी होते. ऑफिसाचं भाडं थकलं होतं हे मला माहीत होतं, आणि हा पक्षकार जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे लपवावं असंच वाटत होतं असं म्हणा ना. काका दुसऱ्या दिवशी एकटे आले आणि म्हणाले लिवा.

परिच्छेद ९ मध्ये आम्ही लिहिलं : सड्याकडून पायवाट आहे, ती कड्यावरून उतरते, तिच्यावरून वाहन किंवा बैलगाडी जाऊ शकत नाही, आणि ती असली तरी वाटपपत्राने दिलेल्या गाडीवाटेचा हक्क कायम राहतो. सोबत फोटो.

आणखी एक निर्णय होता ज्यावर माझं नि सरांचं जुळत नव्हतं. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता आलं असतं, शेताच्या वाटेतला अडथळा काढून मिळतो, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, खर्च कमी. बरेच वकील तोच रस्ता धरतात आणि बऱ्याच केसमध्ये तो बरोबरही असतो. सरांचं म्हणणं, तिथला हुकूम दिवाणी कोर्टाच्या निकालाच्या अधीन असतो, आणि समोरच्याने दिवाणी कोर्टात आधीच कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, टाकून ठेवलंय, म्हणजे तो तिथेच भेटणार, मग वाटपपत्राचा अर्थ जिथे एकदाच कायमचा ठरेल तिथेच जाऊ. मला आजही वाटतं की दोन्ही करता आलं असतं. पण त्यांचा निर्णय चुकला असंही म्हणता येत नाही.

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात दावा दाखल, सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खालचा मनाईचा अर्ज. अडचण ही की गडगा उभा होता. कोणी बांधत असताना थांबवणं वेगळं आणि बांधलेलं काढायला लावणं वेगळं, दावा चालू असताना असा हुकूम मिळवायला साध्या प्रथमदर्शनी केसपेक्षा भक्कम काहीतरी लागतं, सुप्रीम कोर्टाच्या दोराब कावसजी वॉर्डन या १९९० च्या निकालापासून हे पक्कं आहे. म्हणून सरांनी आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर मागितला, मागणी एकच, कातळावरची चाकोरी कुठून कुठे जाते ते मोजून नकाशावर दाखवावं. कमिशनरने टेप लावून मोजलं, गडग्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो घेतले, पंचनामा केला.

समोरच्या वकिलांनी कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, आणि युक्तिवादात अपेक्षेप्रमाणे सड्याच्या वाटेचा बॉम्ब टाकला, मोठे रंगीत फोटो, वादीने कोर्टापासून सत्य दडवलं वगैरे. सर उभे राहिले आणि म्हणाले, "दाव्याचा परिच्छेद ९, पान ६." एवढंच. कोर्टाने पान उलटलं, वाचलं, आणि समोरचे वकील खाली बसले. मी त्या क्षणी काकांकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत होते.

शिमग्याच्या आठवडाभर आधी ऑर्डर झाली, चाकोरीच्या जागी गाडी जाईल एवढा गडगा मोकळा करायचा. त्यावर जिल्हा कोर्टात अपील झालं, ते जूनमध्ये फेटाळलं. त्या वर्षीचा आंबा पिकअपमधून गेला.

पुढचं दीड वर्ष भराभर सांगते कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे : मुद्दे निघाले, मूळ वाटपपत्र हजर करायची नोटीस दिली, ते हजर झालं नाही, मग नक्कल दुय्यम पुरावा म्हणून आली, काकांचं प्रतिज्ञापत्र, त्यांचा उलटतपास, तारखा, तारखा. दिवाणी वकिलाच्या आयुष्याचा मोठा भाग हाच असतो. सर प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी फाईल पहिल्या पानापासून वाचतात, दुसऱ्या दिवशी फक्त मुदतीचा अर्ज असला तरी. मी विचारलं होतं का. म्हणाले, मागच्या वेळी वाचली तेव्हाचा मी आणि आत्ताचा मी यात महिना गेलाय, काहीतरी नवीन दिसतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चुलतभावाचा उलटतपास. त्यांना गावात सगळे आप्पा म्हणतात, सत्तरी पार, धोतर, स्वच्छ पांढरा सदरा. सरतपासाच्या, म्हणजे स्वतःच्या साक्षीच्या, प्रतिज्ञापत्रात त्यांनी लिहिलेलं की अशी वाट कधी नव्हतीच, दिसतात त्या खाचा निसर्गाने पडलेल्या. मी चाळीस प्रश्न काढून ठेवले होते. सरांनी सात विचारले. पहिले काही नुसते ओळखीचे, वडिलांचं नाव, वाटपपत्रावरची वडिलांची सही ओळखता का, हो. मग,

"आप्पा, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी तुमच्या खळ्यात येते?"

"येते."

"तिथून पुढे कोणाकडे जाते?"

आप्पा थांबले. कोर्टात एकदम शांत. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली की प्रश्नाचा दाव्याशी संबंध नाही, कोर्टाने नोंद घेऊन प्रश्न राहू दिला.

"खाली ह्यांच्याकडे."

"कुठल्या वाटेने?"

"त्याच." आणि मग कोणी न विचारता, खाली बघत, "बापाच्या वेळेपासून."

सरांनी अजून एक प्रश्नही विचारला नाही. मला वाटत होतं आता खाचांबद्दल विचारावं, गवंड्याबद्दल विचारावं, त्यांना पूर्ण खोटं पाडावं. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, "म्हातारा माणूस देवाच्या नावावर खोटं बोलला नाही. त्याच्यावर अजून काय मारायचं?" माझ्या मते या माणसाच्या वकिलीतलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच आहे, कुठे थांबायचं ते कळणं, आणि ते मला अजून आलेलं नाही.

आता इथून निकालापर्यंत जाता आलं असतं आणि निकाल आमच्या बाजूने लागण्याची शक्यता चांगली होती. पण सरांनी काकांना बोलावून पुढचा हिशोब मांडला : निकाल, त्यावर कलम ९६ चं अपील, त्यावर कलम १०० चं दुसरं अपील, आणि त्या वेळी आपल्याकडून हायकोर्ट म्हणजे मुंबई, कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं ते ऑगस्ट २०२५ मध्ये. मग त्यांनी दोन वर्षांपूर्वी वहीत लिहिलेली ती एक ओळ काढली. आप्पांना वाट नको नाहीये, त्यांना रिसॉर्टच्या गाड्या नको आहेत. आणि कायदाही त्यांच्या बाजूने आहे, वाट ज्याला दिली त्याला तिचा बोजा आपल्या मनाने वाढवता येत नाही, घराची नि बागेची वाट हॉटेलची होत नाही. मग हे लिहून का देत नाही?

काकांच्या मुलाला हे पटायला तीन बैठका लागल्या. त्यातली शेवटची आमच्या ऑफिसात नाही, आप्पांच्या ओटीवर झाली, दोन्ही वकील, दोन्ही घरं, कोकम सरबत. तिथे कळलं की एजंटच्या गाडीने आप्पांच्या विहिरीचा पाइप फोडला होता आणि दुरुस्ती सोडा, कोणी विचारलंही नव्हतं. दोन वर्षं, कोर्ट, कमिशनर, अपील, आणि पाइपचा विषय एकाही कागदावर नाही. काकांनी तिथल्या तिथे पैसे काढले, आप्पांनी घेतले नाहीत, पण आवाज उतरला.

डिसेंबर २०२४ च्या लोकअदालतीत तडजोड झाली. वाट नऊ फूट, वळणावर अकरा. वापर राहण्यासाठी आणि बागायतीसाठी, व्यापारी वापर नाही, जमीन पुढे कोणालाही गेली तरी हीच अट लागू. दुरुस्तीचा खर्च अर्धा अर्धा. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी परत मिळते, ती काकांना मिळाली. गडग्याचे काढलेले चिरे आप्पांनी वाटेच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी पाट बांधायला वापरले.

मला वाटलं संपलं. सरांनी फाईल परत माझ्या टेबलावर ठेवली. मोजणी करून घे, नकाशाची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारी नक्कल, निवाड्याला जोडून तलाठ्याकडे दे, दोन्ही सातबाऱ्यांवर इतर हक्कात वाटेची नोंद झाली पाहिजे, नाहीतर अजून चाळीस वर्षांनी कोणाची तरी ज्युनिअर सहा पानांचा कागद शोधत फिरेल. मोजणीची तारीख एकदा पुढे गेली, फेरफाराची नोटीस एका वारसाला मिळाली नाही म्हणून परत काढावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये नोंद मंजूर झाली. मी दोन्ही सातबारे आणून सरांना दाखवले, त्यांनी इतर हक्काचा रकाना बोटाने वाचला, हिस्सा नंबर जुळवून बघितला, आणि फाईल लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवायला सांगितली.